एकाच ओगराळ्याचं पाणी: हर्णैच्या किनाऱ्याजवळ निर्जन बेटावरचा मुक्काम

निघण्याआधी

कोकणातलं गाव म्हणजे वाड्या. कुणबीवाडी, बौद्धवाडी, ब्राह्मणआळी, मोहल्ला, कोळीवाडा. शाळा एक, एसटीचा थांबा एक, पण पाणवठे कित्येक ठिकाणी अजून वेगळे. ही दरी थोडी मिटावी म्हणून वेगवेगळ्या घरांतल्या दहा जणांचा हा मुक्काम. चौघं बंदरावरचे, त्यांत दोघं कोळ्यांच्या घरचे आणि दोघं दालदी, म्हणजे मासेमारी करणाऱ्या मुसलमानांच्या. तिघं दापोलीच्या डोंगरवाड्यांतले, तिघं पुण्याहून आलेले. वयं अठरा ते चोवीस, दहांत चौघी मुली. सोबत दोन जाणते, आणि बंदरावर थांबून रोज फोनवर राहणारा एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख.

बेटाचं नाव आणि जागा मुद्दाम देत नाही. लहान बेट गर्दीने महिन्याभरात नासतं. काळा कातळ, वर जांभा, करवंदीची जाळी, केवड्याचं बन, पूर्वेला वाळूचा एक पट्टा, असं त्याचं रूप. जानेवारीत गोडं पाणी मुळीच नाही. सुवर्णदुर्गासारख्या जलदुर्गावर मुक्काम करता येत नाही, ती संरक्षित स्मारकं आहेत आणि दिवस मावळताच बंद होतात. त्यामुळे बेट निवडताना तिथे स्मारक, दीपगृह किंवा नौदलाची जागा नाही ना, हे आधी पाहायचं. मग जवळच्या पोलीस ठाण्यात आणि बंदर कार्यालयात जाणाऱ्यांची यादी, होडीचा नंबर आणि परतीची तारीख लेखी द्यायची.

तारीख तिथीवरून ठरवली: पौष शुद्ध अष्टमी. मार्गशीर्ष टाळला, कारण गुरुवारमुळे बऱ्याच घरांत मासे बंद असतात आणि मग पहिल्याच दिवशी कोण काय खातो यावर वाद पेटतो. शुद्ध पक्ष घेतला म्हणजे रात्रीच्या पहिल्या प्रहरी चंद्र असतो. अष्टमी घेतली कारण तेव्हा भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी असते आणि उतरणं सोपं जातं.

भरतीची वेळ काढायचा बंदरावरचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी नि संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराला. पुढे रोज पाऊण-एक तास उशीर. हा हिशेब मुंबईच्या आसपास जुळतो, दक्षिणेकडे जाल तशी वेळ थोडी आधी येते. म्हणून बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टकही सोबत घ्यावं आणि दोन्ही ताडून पाहावीत.

सप्तमी: महाड ते हर्णै

मुंबई-गोवा महामार्गावर महाडला थांबा ठेवला, तो चवदार तळ्यासाठी. मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये झाला होता, महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं १९२४ मध्ये जाहीरही केलं होतं. तरी प्रत्यक्ष पाणी घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारो माणसं तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याची 'शुद्धी' केली गेली, खटला हायकोर्टापर्यंत गेला आणि निकाल लागला १९३७ मध्ये. पुढचे पाच दिवस ज्यांना मोजून पाणी प्यायचं आहे, त्यांनी हे तळ्याच्या पायऱ्यांवर उभं राहून ऐकावं. भाषण नको, घटनाक्रम पुरे.

खेड, दापोली करून संध्याकाळी हर्णै. बंदरावर लिलाव चालू असतो, तो बघायला वेळ ठेवावा. वास आला म्हणून नाकाला रुमाल लावणारा एखादा असतोच, आणि बंदरावरच्या पोरांच्या नजरेतून ते सुटत नाही. 'दोन दिवसांत रडत परत येतील' हे वाक्यही तिथेच ऐकू येतं. दोन्ही बाजूंचं मन काय आहे ते निघण्यापूर्वीच कळलेलं बरं.

रात्री सामान मोजलं. पाणी दर माणशी दिवसाला ४ लिटर: अडीच प्यायला, दीड स्वयंपाकाला. बारा माणसांचं पाच दिवसांचं २४० लिटर, म्हणजे २० लिटरचे १२ कॅन. शिवाय ४ कॅन सील करून बाजूला, होडी आली नाही तर कसोशीने दोन दिवस पुरतील असे. तांदूळ १८ किलो, कुळथाची पिठी ३ किलो, तूरडाळ ३ किलो, नाचणीचं पीठ ४ किलो, गूळ २ किलो, आमसुलं अर्धा किलो, सुके सोडे, कांदे, नारळ, रताळी. प्रत्येकाला लाइफ जॅकेट. ताडपत्री १२ बाय १५ फुटांच्या दोन, सुंभ, कोयता, फावडं, एक पाग (फेकायचं जाळं), गऱ्या, झाकणाची मोठी पातेली. शिट्ट्या, आरसा, भगवं कापड, हातातला व्हीएचएफ रेडिओ सेट (संकटाचा चॅनल १६). तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि सर्वसाधारण ११२ हे तिन्ही आकडे प्रत्येकाच्या खिशात कागदावर, कारण फोन भिजतो.

पहिला दिवस, अष्टमी: उतरणं आणि जोड्या

पहाटे मतलई वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतो आणि पाणी सपाट असतं. उजाडताना निघायचं ते यासाठीच. दुपारनंतर खारा वारा सुटला की लाट उसळते आणि लहान होडी खडकाजवळ नेता येत नाही. सुवर्णदुर्ग मागे टाकला तेव्हा तांडेलानं एवढंच सांगितलं की होडीत कोण कुठल्या घरचा हे विचारत बसलात तर वल्हं कोण मारणार. मराठ्यांच्या आरमारातही वेगवेगळ्या घरचे एकत्र होते. १६७९ मध्ये खांदेरीचा जलदुर्ग उभारताना मायनाक भंडारी आणि दौलतखान एकाच मोहिमेत लढत होते.

पूर्वेच्या वाळूवर भरतीचं पाणी फार ओसरायच्या आत उतरलो, म्हणजे बुडालेल्या खडकांवरून होडी सरळ आत येते. ओहोटीला तोच मार्ग दातेरी होतो. आधी माणसं, मग पाणी, मग धान्य. कॅन हातोहात देण्यासाठी कमरेभर पाण्यात रांग लावावी लागते. या रांगेत कोण कोणाशेजारी उभं राहतं ते पाहून ठेवावं. पहिल्या दिवशी ओळखीचे ओळखीच्यांशेजारीच उभे होते.

सामान लागलं आणि जोड्या पाडल्या. चिठ्ठ्या काढायच्या, एकाच वाडीतले दोघं एकत्र आले तर चिठ्ठी पुन्हा. जोडीला रोज पिण्याचा ५ लिटरचा एकच कॅन, एकच तांब्या. स्वतःची बाटली बंद. आणि मुख्य नियम: ओगराळं (पाणी काढायची लांब दांड्याची पळी) एकच, आणि आपलं पाणी आपण काढायचं नाही, जोडीदारानं काढून द्यायचं. दिवसभरातला प्रत्येक घोट दुसऱ्याच्या हातून येतो. शतकानुशतकं पाणी वरून ओतणारा एक आणि ओंजळ धरणारा दुसरा ठरलेला होता. इथे दोघंही ओततात, दोघंही ओंजळ धरतात. डोंगरवाडीतल्या एकाने सकाळभर 'तहान नाही' म्हणून पाणी टाळलं. त्याच्यावर कोणी जोर केला नाही. दुपारी एकला, ताडपत्री बांधून झाल्यावर, त्याने तांब्या पुढे केला.

तळाची जागा मर्यादवेलीच्या वर. ही वेल जिथवर उतरते त्याच्या खाली उधाणाचं पाणी येतं. भांगाच्या दिवसांत ओली रेघ बरीच खाली दिसते, आणि अष्टमीनंतर एक-दोन दिवस ती आणखी खालीच राहते. ती पाहून पुढे तंबू ठोकणारे द्वादशीला भिजतात. वाळूत खुंट्या टिकत नाहीत, वारा आला की उपटतात. वाळू भरलेली पोती हातभर खोल पुरून त्यांना दोर बांधला की ताडपत्री हलत नाही. उघडी बाजू दक्षिणेला ठेवली, कारण रात्री पूर्वेकडून गार वारा येतो आणि दुपारी वायव्येकडून दमट.

चूल एकच. पुण्याची एक मुलगी मासे खात नव्हती. तिच्यासाठी क्रम ठरला: आधी वरण-भात, मग मासे, पळ्या वेगळ्या. हा मान आहे आणि तो राखायचा. वेगळी चूल मागितली तर मात्र नाही म्हणायचं. मांस मुद्दाम आणलंच नव्हतं. माशाला हलालचा प्रश्न येत नाही, त्यामुळे बंदरावरच्या दोन्ही घरांची मुलं न विचारता एका पातेल्यातलं खातात. भाताच्या पाण्यात सहा भागांना एक भाग समुद्राचं पाणी घातलं की मीठ वेगळं लागत नाही आणि गोडं पाणीही वाचतं.

दुसरा दिवस, नवमी: जिथे बिघडतं

एकत्र जेवले म्हणजे मनं जुळली असं समजणं हीच या कामातली सर्वांत मोठी चूक. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह उद्यानात १९५४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट करून शिबिर घेतलं. स्पर्धा लावल्या तसं वैर वाढलं. नंतर त्यांना नुसतं एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला, तर भांडणं मिटली नाहीत, उलट एकमेकांवर अन्न फेकलं गेलं. वैर ओसरायला लागलं ते पाणी बंद पडल्यावर. टाकीचा नळ तुंबला होता आणि तो मोकळा करायला दोन्ही गटांचे हात लागले. तरी एका प्रसंगाने भागलं नाही, अशी कामं एकामागून एक द्यावी लागली. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रह कमी होण्याच्या अटी मांडल्या: बरोबरीचा दर्जा, एकच उद्दिष्ट, एकमेकांवाचून न होणारं काम, आणि वरिष्ठांचा स्पष्ट पाठिंबा.

बेटावर यांतली पहिलीच अट मोडते. ओहोटीला, दुपारी पाऊणच्या सुमारास, सगळे खडकांवर उतरले आणि तासाभरात जुनी घडी बसली: बंदरावरची पोरं पाग टाकतायत, कालवं काढतायत, पुण्याची मुलं फोटोसाठी उभी, डोंगरवाडीची मुलं लाकडं वाहतायत, मुली भांड्यांपाशी. कोणी कोणाला हुकूम केला नव्हता, ज्याला जे येतं ते त्याने केलं. पण त्यातून मालक आणि गडी तयार झाले. संध्याकाळी एकाने गोड्या पाण्याने पाय धुतले आणि वाद उसळला. तो दोन लिटरपुरता नव्हताच.

त्यावर उपाय एकच. ज्याला काम येतं त्याने पहिला अर्धा तास हत्याराला हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचं. पाग शिकवायची तर: दोर डाव्या मनगटाला, जाळ्याचा एक भाग डाव्या कोपरावर, एक उजव्या हातात, शिशाच्या गोळ्या मोकळ्या, कमरेतून फिरायचं आणि डावा हात उजव्याबरोबरच सोडायचा. डावा उशिरा सुटला की जाळं गोल न पडता कोयत्यासारखं पडतं आणि मासा निसटतो. खडकात अडकलं तर ओढायचं नाही, जवळ जाऊन दोर सैल करून मधोमध उचलायचं. दालदी घरातला मुलगा शिकवत होता आणि पुण्याचा शिकत होता. गाडीत जो सर्वांना इंग्रजीतून समजावत होता तो इथे गप्प ऐकत होता. नंतर उलट: नकाशा, होकायंत्र आणि व्हीएचएफवर बोलायची पद्धत त्याने शिकवली. डोंगरवाडीतली मुलगी ओल्या लाकडाची चूल पेटवायला सगळ्यांची गुरू झाली: खाली नारळाचं सुकं सोडण कुस्करून, त्यावर केवड्याची वाळकी पानं, मग बोटाएवढ्या काटक्या, आणि जाड लाकूड चुलीभोवती सुकत ठेवायचं.

खडकावर काय घ्यायचं आणि काय नाही हेही याच दिवशी सांगून टाकावं. केंड (फुगणारा) मासा कितीही शिजवला तरी त्याचं विष जात नाही, तो परत पाण्यात. शिंगाळ्याचा काटा आणि पाकटाच्या शेपटीचा काटा दोन्ही विषारी. लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास लागलेला भाग बुडवून ठेवायचा, वेदना उतरते. खोल घाव किंवा छातीपोटावर लागलं तर होडी बोलवायची. पाणी लालसर दिसलं किंवा रात्री चमकलं तर कालवं, शिंपले काढायचे नाहीत. शिजवल्यावर जो शिंपला उघडत नाही तो फेकायचा. कालवांच्या खडकावर चपलेशिवाय जायचं नाही, ती जखम चिघळते.

तिसरा दिवस, दशमी

भरती सकाळी साडेसातच्या आसपास. पाग पूर्ण गोल पडली, बोय मासे मिळाले. कांदा न भाजता नुसत्या आमसुलाचं सार आणि भात. जोड्या बदलल्या नाहीत, बदलाव्यात असं वाटतं तेव्हाच टिकवायच्या असतात. दुपारी संकटखुणांचा सराव: दिवसा ओला पाला टाकून धूर, रात्री सारख्या अंतरावर तीन जाळ, आरशाचा झोत दोन बोटांच्या फटीतून नेम धरून. वाळूच्या टोकाला कासवाच्या चालीचा माग दिसला. अंजर्ले, वेळास या भागात ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. त्या बाजूला रात्रीचा जाळ आणि टॉर्च बंद केले, तळ तिकडे वाढवला नाही. तांडेलाचा संध्याकाळचा निरोप: उत्तरेचा वारा वाढतोय.

चौथा दिवस, एकादशी: पाणी गाळणं

वारा रात्रीच वाढला. पश्चिमेच्या कातळावर लाटा फुटत होत्या. उद्याची होडी नक्की नाही, असं तांडेलानं कळवलं. साठा मोजला: सील केलेले चार कॅन शाबूत, रोजच्यातले काही शिल्लक. मापात राहिलं तर पुरणार होतं. पण सील न तोडता दिवस काढायचं ठरलं आणि समुद्राचं पाणी उकळून गोडं करायला घेतलं.

समुद्राचं पाणी तसंच पिता येत नाही. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, ते बाहेर टाकायला मूत्रपिंडांना प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी लागतं, म्हणून पिणारा अधिक सुकतो. कृती अशी: रुंद पातेल्यात मधोमध सपाट दगड, त्यावर स्टीलचा डबा. भोवती दगड बुडणार नाही इतकं, सुमारे ३ लिटर, समुद्राचं पाणी. पातेल्यावर झाकण उपडं, मूठ खाली डब्याच्या बरोबर वर. उपड्या झाकणाच्या खोलगटीत गार पाणी. काठावरून वाफ पळू नये म्हणून नाचणीच्या कणकेची पट्टी. खाली मंद आच. वाफ झाकणाला लागून तिचं पाणी होतं, मुठीवरून थेंब थेंब डब्यात पडतं. आच वाढली की खारं पाणी उसळून डब्यात शिंतडतं आणि सगळं वाया जातं. वरचं पाणी कोमट झालं की वाफेचं पाणी होत नाही, ते दर पाच-सात मिनिटांनी बदलावं लागतं. लिटरभर पाण्याला दोन-अडीच किलो सुकं लाकूड आणि दीड-दोन तास जातात.

हे एकट्याचं काम नाही. एक जण आचेशी, दुसरा समुद्र ते चूल खेपा घालत, तिसरा लाकडं फोडत. तीन चुली मांडल्या, पाळ्या लावल्या. आचेवरच्याने नुसतं 'चल' म्हणायचं आणि पाणी बदललं जायचं. दहांतल्या दोघांची एकादशी होती. रताळी निखाऱ्यात भाजली ती मोहल्ल्यातल्या मुलीने, आणि तिच्या दुपारच्या नमाजाच्या वेळी तिच्या चुलीशी उपास असलेला कोळ्याचा मुलगा बसला. कोणी सांगितलं नव्हतं, पाळी होती. अंधार पडेपर्यंत तीन चुलींवर सुमारे ९ लिटर पाणी जमलं. त्याला चव नसते, चिमूटभर मीठ आणि गूळ घालून ते सगळ्यांना सारखं वाटलं. पहिल्या दिवशी तांब्या टाळणारा वाटत होता.

लाकूड पुरवून वापरायचं. वाहून आलेलं आणि वाळलेलंच घ्यायचं. तिवर, चिपी, कांदळ ही खारफुटीची झाडं कुठेही दिसली तरी तोडायची नाहीत, कायद्यानेही बंदी आहे.

पाचवा आणि सहावा दिवस

द्वादशीला होडी आली नाही. भरती नऊला आली ती पहिल्या दिवसाच्या रेघेच्या बरीच वर, मर्यादवेलीपर्यंत. पुढे ठेवलेलं लाकूड भिजलं, तळ कोरडा राहिला. दुपारी एक कॅन फोडला. भात निम्मा, कुळथाचं पिठलं सैल. एकाच्या पायाला कालवाची चीर बसून सुजली होती. उकळून गार केलेल्या पाण्याने धुवून, पाय उंच ठेवून त्याला बसवला, आणि त्याच्या वाटणीच्या खेपा जोडीदाराने घातल्या. वादासारखं काही झालं नाही. भूक आणि थकवा असतानाही झालं नाही, ही खरी कसोटी मानावी.

त्रयोदशीला वारा पडला आणि सकाळी होडी लागली. निघण्याआधी राख उकरून पूर्ण विझवली, सगळं प्लॅस्टिक (वाहून आलेलंसुद्धा, जितकं पोत्यांत मावलं तितकं) होडीत चढवलं. कॅन हातोहात देताना रांग पुन्हा लागली. या वेळी ती सरमिसळ होती.

बेटावर जमलेलं घरी गेल्यावर विरतं, कारण घरी पुन्हा वाडी असते, आजी असते, लग्नाकार्याची पंगत असते. म्हणून मुक्कामाचा उरलेला भाग पावसाळ्यात ठेवला आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बंदरावरची मुलं मोकळी असतात, आणि नेमकी तेव्हाच डोंगरवाड्यांत लावणी चालू असते, माणसं मिळत नाहीत. जोडीतल्या बंदरावरच्याने लावणीला जायचं, जोडीदाराच्या घरी राहायचं, त्या घरच्या हंड्यातलं पाणी प्यायचं. घरच्या वडीलधाऱ्यांना हे आधी, जोडीतल्या दोघांनी मिळून, समोर बसून सांगायचं. पुढे नारळी पौर्णिमेच्या आसपास होड्या पाण्यात लोटायच्या असतात, तेव्हा शेतावरच्यांनी बंदरावर यायचं. पुण्याच्या तिघांनी दोन्हीकडे. प्रत्येक वेळी किमान दोन रात्री, फोटो नाही, सत्कार नाही, आणि काम घरच्या माणसाइतकंच.